नाकाच्या पडद्याचं भोक शस्त्रक्रियेने बुजवायचंय? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कित्येक महिने रात्री माझ्या नवऱ्याला वाटायचं, खिडकी नीट लागलेली नाही. फटीतून वारा शिरावा तशी बारीक शिट्टी ऐकू यायची. तो उठायचा, खिडकी दाबून लावायचा, परत झोपायचा. शिट्टी चालूच. एका रात्री त्याने माझ्या नाकाजवळ कान आणला तेव्हा उलगडा झाला. माझ्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं आणि प्रत्येक श्वासाला हवा त्यातून शिट्टी वाजवत होती.

ते भोक बुजवण्याची माझी पहिली शस्त्रक्रिया फसली, दुसरी टिकली. दोन्हींत फरक कशाने पडला, याचा मी खूप विचार केला आहे. ऑपरेशन टेबलावर जे झालं त्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, आधीच्या तयारीने आणि नंतरच्या तीन आठवड्यांनी ठरवलं, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या वेळी मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधं, डोस आणि शेवटचा निर्णय तुमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांचाच.

१. भोक कुठे आहे आणि केवढं आहे, ते पक्कं करा

आधी पडद्याची रचना समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा (कार्टिलेज, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारखा भाग) असतो, मागचा हाडाचा. दोन्ही बाजूंनी त्यावर ओलसर, गुलाबी अस्तर असतं. कूर्चेच्या आत रक्तवाहिन्या नसतात, तिचं सगळं पोषण या अस्तरातून होतं. एकाच बाजूचं अस्तर फाटलं तर दुसरी बाजू कूर्चेला जगवते. पण दोन्ही बाजूंना समोरासमोर जखम झाली की मधली कूर्चा उपाशी मरते आणि तिथे आरपार भोक पडतं.

लहान भोक शिट्टी वाजवतं. मोठं झालं की बऱ्याचदा शिट्टी थांबते, आणि बरं वाटतंय असा गैरसमज होतो. खरं तर तेव्हा खपल्या वाढलेल्या असतात. मला रोज सकाळी नाक चोंदल्यासारखं वाटायचं, मग हिरवट-तपकिरी, कडक खपली निघायची, तिच्या खालच्या कडेला ताज्या रक्ताची रेघ असायची. घोळणा फुटायचा तो वेगळाच. नाकाच्या मागच्या भागातलं भोक मात्र अनेकदा काहीच त्रास देत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत हवा ओलसर आणि उबदार झालेली असते.

घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. अंधाऱ्या खोलीत आरशासमोर उभं राहून एका नाकपुडीत बारीक टॉर्चचा उजेड सोडा. पडदा अखंड असेल तर पलीकडे लालसर झाक दिसते. भोक पुढच्या भागात असेल तर पांढरा, थेट उजेड येतो. पण हा अंदाजच. नक्की निदान दुर्बिणीने होतं आणि त्यासाठी खपल्या आधी भिजवून काढाव्या लागतात. माझ्या पहिल्या तपासणीत खपलीसकट मोजमाप झालं होतं. प्रत्यक्षात भोक त्याहून बरंच मोठं निघालं.

डॉक्टरांना मिलिमीटरमध्ये दोन आकडे लिहून द्यायला सांगा, लांबी आणि उंची. साधारणपणे १ सेंटिमीटरपेक्षा कमी ते लहान, १ ते २ सेंटिमीटर मध्यम आणि त्यापुढे मोठं धरतात. यातली उंची जास्त महत्त्वाची. अस्तर बहुतेक वेळा खालून, नाकाच्या तळाकडून, आणि वरून ओढून मध्ये आणायचं असतं, त्यामुळे भोक जितकं उंच तितका टाक्यांवर ताण. भोवती किती कूर्चा शिल्लक आहे, हेही विचारा. ते बहुधा सीटी स्कॅन आणि दुर्बीण मिळून कळतं.

२. ते का पडलं, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कारण चालू असताना भोक बुजवलं तर ते पुन्हा उघडतं.

माझं कारण सरळ होतं. वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यात अस्तर दोन्ही बाजूंना फाटलं. हे कारण अगदी नेहमीचं आहे. घोळणा थांबवायला एकाच वेळी दोन्ही बाजू जाळणं, नाकावर मार लागून पडद्यात रक्त साचणं आणि ते वेळेवर न काढणं, ही त्याच जातीची कारणं. नाकात सतत बोट घालण्याची सवय वाटते त्याहून जास्त नुकसान करते. लहान मुलांनी नाकात घातलेली बटणासारखी बॅटरी तर काही तासांत पडदा जाळते.

कामाची जागाही डॉक्टरांना सांगा. क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात आम्लाच्या वाफेने पडद्याला भोकं पडतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कोकेन नाकावाटे ओढत असाल किंवा कधी ओढलं असेल, तर तेही स्पष्ट सांगा. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर मरतं. लपवलं तर नुकसान तुमचंच, कारण सवय सुटून बराच काळ गेल्याशिवाय कुठलाही जाणता सर्जन या नाकाला हात लावणार नाही.

फवारे हा वेगळा सापळा आहे. नाक मोकळं करणारे, ऑक्सीमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे, मोजक्या दिवसांपुरते असतात. लोक ते महिनोन्‌महिने मारत राहतात. अ‍ॅलर्जीसाठी दिलेला स्टेरॉइडचा फवारा चुकीच्या दिशेने, म्हणजे थेट पडद्यावर, मारला तरी अस्तर सुकतं आणि रक्त येतं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा मारा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळतं. भोक असताना तो फवारा चालू ठेवायचा की नाही, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता ज्या कारणांसाठी तपासण्या लागतात ती. ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान रक्तवाहिन्यांवर उलटते. पहिली खूण नाकात दिसू शकते, पण तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडांपर्यंत जातो. सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), क्षयरोग, कुष्ठरोग, सिफिलिस आणि क्वचित लिम्फोमा किंवा दुसरा कर्करोगही पडदा खाऊ शकतो. म्हणून कारण उघड नसेल तर रक्ताच्या तपासण्या (त्यात एएनसीए, म्हणजे वर सांगितलेल्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची खूण शोधणारी तपासणी, हवीच), लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि गरज वाटली तर भोकाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवणं, हे करतात. तुकडा वरच्या किंवा खालच्या कडेचा न घेता मागच्या कडेचा घेणं बरं, म्हणजे भोकाची उंची वाढत नाही. त्यात थोडं अस्तरही यायला हवं, नुसती खपली किंवा मेलेला भाग आला तर अहवालातून काहीच हाती लागत नाही.

माझं कारण माहीत असूनही दुसऱ्या सर्जनबाईंनी मला रक्त आणि लघवीची तपासणी करायला लावली. तेव्हा मला घाई झाली होती. आता वाटतं, त्यांनी बरोबर केलं. ज्या आजाराने मूत्रपिंड जाऊ शकतं, त्याचा सुगावा एका लघवीच्या तपासणीने लागू शकत असेल तर ती करून टाकावी.

३. शस्त्रक्रिया हवीच का, ते आधी पाहा

त्रास नसलेलं भोक बुजवावंच लागतं असं नाही. त्रास असला तरी निदान सहा आठवडे नाक मनापासून ओलं ठेवून बघा. शस्त्रक्रिया टळली तर उत्तमच, नाही टळली तरी निरोगी, मऊ अस्तर घेऊन टेबलावर जाल. कोरडं, सुजलेलं, सोलवटलेलं अस्तर टाके धरत नाही. माझ्या पहिल्या वेळी हेच झालं असणार, मी खपल्यांनी भरलेलं नाक घेऊन गेले होते.

नाक धुण्याचं पाणी असं करा. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळा आणि झाकून पूर्ण कोमट होऊ द्या. १ लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लहान चमचा, आयोडीन नसलेलं मीठ घाला. झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. नळाचं पाणी तसंच वापरू नका. त्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो आणि तो संसर्ग जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. बाटली रोज धुवून कोरडी करा. दिवसातून २ ते ३ वेळा धुवा आणि रात्री डॉक्टरांनी सांगितलेलं मलम हलक्या हाताने लावा. खपली ओढू नका. भिजली की ती स्वतः सुटते. ओढली की कडेचं नवं अस्तर तिच्याबरोबर निघतं आणि भोक मोठं होतं.

याउपर एक सोय आहे, सिलिकॉनचं बटण. दोन मऊ चकत्या आणि मध्ये छोटा दांडा, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसून ते भोक झाकतं. अनेकदा ओपीडीतच, जागा बधिर करून बसवता येतं. शिट्टी आणि घोळणा त्याने बऱ्याच जणांचा थांबतो. खपल्या मात्र बटणाच्या कडेलाही धरतात आणि काहींना ते सतत टोचतं. भूल सोसणार नाही अशांना, फार मोठं भोक असलेल्यांना किंवा मूळ आजार अजून शांत न झालेल्यांना हा मला चांगला पर्याय वाटतो.

४. सर्जन निवडताना

हे नाकाच्या अवघड शस्त्रक्रियांपैकी एक काम आहे. वाकडा पडदा सरळ करणारे पुष्कळ असतात, भोक बुजवणारे कमी. संकोच न करता विचारा. ही शस्त्रक्रिया वर्षात किती वेळा करता? माझ्या मापाच्या भोकात तुमच्या हातून किती टिकतात? अस्तर एका बाजूने सरकवणार की दोन्ही? मध्ये काय ठेवणार? नाही टिकलं तर पुढे काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो. लहान आणि मध्यम भोकं अनुभवी हातात बहुतेक टिकतात. २ सेंटिमीटरच्या पुढे शक्यता घसरत जाते आणि तिथे "शंभर टक्के" असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. आधीची शस्त्रक्रिया फसली असेल तर लगेच दुसरी मागू नका. मला सहा महिने थांबवलं होतं, अस्तराची सूज उतरून ते पुन्हा लवचीक व्हावं म्हणून.

५. तयारी आणि कागदपत्रं

भेटीला आणि दाखल होताना एका फाइलमध्ये हे ठेवा:

- आधीच्या नाकाच्या सगळ्या शस्त्रक्रियांचे कागद. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, शस्त्रक्रियेची तपशीलवार नोंद मागून घ्या. किती कूर्चा काढली होती, ते त्यातच असतं.
- सीटी स्कॅनचा अहवाल आणि मूळ चित्रं, सीडी किंवा फिल्म.
- दुर्बिणीचे फोटो, भोकाची मापं.
- रक्त, लघवी, एक्स-रे आणि तुकड्याच्या तपासणीचे अहवाल.
- चालू औषधांची यादी. काउंटरवरून घेतलेली आणि "नैसर्गिक" म्हणून घेतलेलीसुद्धा.
- अ‍ॅलर्जी, आधी भुलेचा झालेला त्रास, रक्तदाब आणि मधुमेहाच्या नोंदी.
- ओळखपत्र, विमा असेल तर त्याचे कागद आणि आधीची मंजुरी.

औषधांबद्दल थोडं जास्त सांगते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्या, लसणाचे अर्क, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कधी थांबवायचं ते सर्जन सांगतील. हृदयासाठी किंवा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांशी सर्जनचं बोलणं होऊ द्या.

तंबाखू, कुठल्याही रूपातला, काही आठवडे आधी आणि काही आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेलं अस्तर जगतं ते त्यांच्याच जिवावर. निकोटिनच्या च्युइंगगमनेही तेच होतं, त्यामुळे सोडण्यासाठी काय घ्यायचं तेही विचारून घ्या.

घरी आणून ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: दोन जास्तीच्या उशा, सलाईनचा फवारा, मलम, गॉजचे तुकडे, पुढून बटणं असलेले कपडे. डोक्यावरून कपडा ओढताना नाकाला धक्का लागतो, हे मी अनुभवाने शिकले.

६. शस्त्रक्रियेत काय होतं

बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात. भोकाच्या आकारावर आणि जागेवर अवलंबून दोन ते चार तास लागू शकतात. काम नाकपुडीतून दुर्बिणीने होतं, किंवा दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर छोटा छेद घेऊन नाक पुढून उघडतात. मोठ्या भोकाला दुसरा मार्ग जास्त जागा देतो.

आधी दोन्ही बाजूंचं अस्तर कूर्चेपासून अलगद सोडवतात. मग ते पट्ट्यासारखं सरकवून भोकाच्या कडा एकमेकींना भिडवून शिवतात. या सरकवलेल्या पट्ट्याला फ्लॅप म्हणतात. त्याची मूळ रक्तवाहिनी तोडलेली नसते, म्हणून तो जगतो. दोन शिवलेल्या अस्तरांच्या मध्ये एक थर ठेवतात, तो ग्राफ्ट. माझ्यात कानाच्या वरच्या बाजूची, चावण्याच्या स्नायूवरची पातळ पांढरी पडदी वापरली. कानाची कूर्चा, बरगडीवरचं आवरण किंवा तयार मिळणारे थरही वापरतात. काही सर्जन ही पडदी पॉलिडायॉक्झॅनोनच्या, हळूहळू विरघळणाऱ्या पातळ पत्र्याभोवती गुंडाळून ठेवतात.

माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेत मध्ये काहीच ठेवलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे टाके समोरासमोर आले. एक सुटला तर त्याला आधार द्यायला मागे काही नव्हतं. म्हणून ग्राफ्टबद्दल जरूर विचारा.

शेवटी दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे पातळ स्प्लिंट (आधाराच्या पट्ट्या) बसवून एका टाक्याने पक्के करतात. ते नव्या अस्तराला ओलं आणि झाकलेलं ठेवतात.

७. पहिले तीन आठवडे

दुखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. चोंदलेपण मात्र जास्त. तोंडाने श्वास घेऊन ओठ आणि घसा सुकतो, रात्री पाण्याचा पेला हाताशी ठेवा. ग्राफ्ट काढलेल्या बाजूला चावताना आठवडाभर ठणका लागला. मऊ जेवणाने तो सोसवला.

नाक शिंकरायचं नाही. अजिबात नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी विसरून नाक शिंकरलं होतं. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि त्या क्षणाची आठवण अजून जात नाही. दुसऱ्या वेळी मी स्नानघराच्या आरशावर "शिंकरू नकोस" अशी चिठ्ठी चिकटवली होती. शिंक येईल तेव्हा तोंड मोठं उघडा आणि ती तोंडावाटे जाऊ द्या, दाबू नका. नाकातून गळेल ते गॉजने बाहेरून टिपा.

डोकं दोन उशांवर उंच ठेवून झोपा. वाकून वस्तू उचलणं, जड ओझं, व्यायाम, शौचाला जोर देणं टाळा. बद्धकोष्ठ होत असेल तर आधीच सांगा, वेदनाशामक गोळ्यांनी तो वाढू शकतो. सलाईनचा फवारा दिवसभर, मी दर दोन तासांनी मारत होते. बाटलीने जोरात धुणं मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र वापरत असाल तर ते आणि विमानप्रवास, दोन्हींची परवानगी वेगळी घ्या.

वाट न बघता फोन करायच्या गोष्टी: पुढे वाकून नाक दाबूनही न थांबणारं रक्त (ते दाबणं कसं करायचं, ते घरी जाण्याआधी विचारून घ्या, कारण नव्या टाक्यांवर दाब कुठे चालतो हे सर्जनच सांगू शकतात), वाढत जाणारं दुखणं आणि दोन्ही नाकपुड्या अचानक पूर्ण बंद होणं, दुर्गंधी येणारा पू, जोराचा ताप. तापाबरोबर अंगावर लाल पुरळ, चक्कर किंवा उलट्या असतील तर थेट तातडीच्या विभागात जा.

८. स्प्लिंट निघाल्यावर

स्प्लिंट साधारण २ ते ३ आठवड्यांनी काढतात, मोठ्या दुरुस्तीत आणखी उशिरा. माझे एकविसाव्या दिवशी निघाले. चिमट्याने टाका कापला, गार काहीतरी लांबलचक सरकत बाहेर आलं आणि नाकातून हवा आत शिरली, इतकी थंड की डोळ्यांत पाणी आलं. सर्जनबाईंनी दुर्बीण आत घातली आणि मला पडद्याकडे बघायला सांगितलं. गुलाबी कडांच्या मध्ये पिवळसर पांढरा, मळकट पट्टा दिसत होता. मी घाबरले. तो ग्राफ्ट होता, त्यावर अस्तर अजून चढायचं होतं. तुम्हालाही असंच दिसलं तर लगेच धीर सोडू नका, उघड्या राहिलेल्या ग्राफ्टवर कडेचं अस्तर आठवड्यांमागून आठवडे सरकत येतं.

या काळात खपल्या येतात. त्या ओपीडीत दुर्बिणीखाली काढून घ्याव्यात, घरी नखाने नाही. मी ठरलेल्या सगळ्या भेटींना गेले, बरं वाटत असतानाही, कारण अगदी लहान उघडी राहिलेली जागा रुग्णाला जाणवत नाही. तिसऱ्या महिन्यात पट्टा गुलाबी झाला होता. कोरडेपणा मात्र राहिला. हिवाळ्यात आजही मी रात्री नाक धुते आणि मलम लावते. मूळ आजारामुळे भोक पडलं असेल तर त्या आजाराच्या डॉक्टरांकडच्या तपासण्या याच्या समांतर चालूच राहतात.

शिट्टी थांबली की सगळं संपलं असं समजून सहाव्या महिन्याची आणि वर्षाची भेट चुकवू नका. त्या दोन्ही भेटींत दुर्बिणीचा फोटो काढून घ्या आणि फाइलमध्ये पहिल्या मापांच्या कागदाशेजारी लावून ठेवा.